सायकलचा दवाखाना : हँडलला भोक पाडू का, काका?

प्रश्न : काका, नमस्कार. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या हायब्रिड सायकलची मी सिंगल स्पीड करून घेतली. गिअर काढले, मडगार्ड काढले, फ्रेमला काळा मॅट रंग मारला. सगळं झकास दिसतंय, फक्त हँडलसमोर ब्रेकच्या दोन वायरी लोंबतात त्यानं सगळा शो जातोय. फोटो सोबत पाठवलाय. हँडल ॲलॉयचं, सरळ आहे. लिव्हरजवळ एक आणि स्टेमजवळ (हँडल धरून ठेवणाऱ्या मधल्या दांड्याजवळ) एक, अशी दोन्ही बाजूंना मिळून चार भोकं पाडून वायर आतून न्यावी असा विचार आहे. उद्यमनगरात मामांचं वर्कशॉप आहे, त्यामुळं ड्रिलचा प्रश्न नाही. मित्र म्हणतो, महागड्या सायकलींच्या वायरी आतूनच जातात, मग आपल्याला काय होतंय? भोक फक्त सहा एमएमचं आहे. चालेल ना?
(एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : नको पाडू. ड्रिलचा प्रश्न नाही असं तू लिहिलंयस ना, ते वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. कारण ड्रिलचा प्रश्न मलाही नव्हता.

सायकलचं दुकान टाकायच्या आधी मी उद्यमनगरात फिटर होतो. ऑइल इंजिनचे सुटे भाग व्हायचे आमच्याकडं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. हौसेनं ॲलॉय हँडलची सायकल घेतली होती आणि तुझ्यासारखंच मलाही ते वायरींचं जाळं खुपायचं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारला, हँडल व्ही-ब्लॉकवर बसवलं, सेंटर पंच मारला, आधी तीनचं ड्रिल घातलं, मग सहाचं. ब्रेकची आउटर, म्हणजे वायरीवरचं आवरण, पाच एमएमची असते, पण ती नळीत उभी शिरत नाही, तिरकी शिरते. त्यामुळं सहाचं गोल भोक पुरतच नाही, गोल कानशीनं ते बारा-तेरा एमएमपर्यंत लांबवावं लागतं. हे तुझ्या हिशोबात आलेलंच नाही. मी घासत बसलो. बाहेरची कड बोटाला गुळगुळीत लागली. आतली कड दिसत नव्हती, कानसही तिथं पोचत नव्हती, त्यामुळं आतला बर, म्हणजे ड्रिलनं उठलेली धारदार कड, तसाच राहिला. संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर सायकल स्टँडला लावली आणि लांब जाऊन भेळ खात बसलो, लोक बघतात का ते बघत. कुणी बघितलं नाही.

पुढं सात-आठ महिने दर रविवारी पन्हाळा. श्रावणातल्या एका रविवारी वाघबीळच्या पुढं चढाला पायडलवर उभा राहून हँडल ओढत चाललो होतो आणि टक् असा आवाज आला. फार मोठा नाही, चमचा फरशीवर पडल्यासारखा. उजव्या मुठीतलं हँडल मुठीसकट वर आलं आणि मी डाव्या अंगाला गवतात. वेग चालत्या माणसाएवढा होता म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं. उठून बघतो तर उजवीकडचा तुकडा, लिव्हर आणि ग्रिपसकट, ब्रेकच्या वायरीला लोंबत होता. मोठ्या हौसेनं आतून नेलेल्या त्याच वायरीला! मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू केली, खिडकीतून वाकून बघितलं आणि विचारलं, "काय ओ, निम्मं हँडल घरी इसरला काय?"

तो तुकडा दुकानात खिळ्याला टांगलाय, ये कधी बघायला. त्याच्या तुटलेल्या तोंडात दोन रंग आहेत. भोकाच्या आतल्या कडेला जिथं बर राहिला होता, तिथून दोन्ही बाजूंना काळपट, बारीक पोताचा भाग पसरत गेलाय आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेघा आहेत. निम्म्याहून जास्त घेर तसा आहे. उरलेला भाग चकचकीत आणि खडीसाखरेसारखा खरखरीत. हा चकचकीत भाग त्या रविवारी तुटला. काळपट भाग त्याच्या आधीच, थोडा थोडा करत, तुटलेला होता. म्हणजे त्याआधीचे कितीतरी रविवार मी चिरलेल्या हँडलवर पन्हाळा उतरून घरी आलो होतो. उताराला तिथं चाळीसचा वेग सहज लागतो.

आता तू इंजिनीअरिंगचा, तुला आकडे चालतील. मूठ क्लॅम्पच्या (स्टेमची हँडल आवळणारी पकड) कडेपासून २५ सेंटिमीटरवर धर आणि त्या हातावर २० किलो भार. क्लॅम्पच्या कडेला हँडल वाकवणारा मोमेंट (भार गुणिले अंतर) झाला ५०० किलो-सेंटिमीटर. तुझं स्टेमजवळचं भोक कडेपासून ४ सेंटिमीटरवर असेल तर तिथं ४२०. लिव्हरजवळचं १८ सेंटिमीटरवर असेल तर तिथं फक्त १४०. म्हणजे लिव्हरजवळचं भोक एक वेळ दम काढेल. पण आत घातलेली वायर कुठंतरी बाहेर काढावी लागते, आणि ती जागा नेमकी सगळ्यात जास्त ताणाची.

नळी २२.२ एमएमची आणि २ एमएम जाडीची धरली तर ४२० किलो-सेंटिमीटरला तिच्या वरच्या-खालच्या कातडीवर साधारण ७० मेगापास्कल ताण येतो. ६०६१-टी६ हे ॲलॉय नेहमीचं. ५० कोटी वेळा हेलकावे दिले तर त्याची थकव्याची ताकद, म्हणजे तेवढे हेलकावे खाऊनही न तुटता सोसता येणारा ताण, ९५ मेगापास्कलच्या आसपास धरतात. सत्तर त्याच्या आत आहे, म्हणून साधं हँडल वर्षानुवर्षं टिकतं. भोक पाडलं की भोकाच्या कडेला तोच ताण तिप्पट होतो. कर्श नावाच्या जर्मन इंजिनीअरनं १८९८ सालीच रुंद पत्र्यातल्या गोल भोकासाठी हे गणितानं दाखवून ठेवलंय. नळीला आकडा थोडा इकडंतिकडं होईल, पण सत्तरचे दोनशे दहा झालेच म्हणून समज. आणि खरी गोम पुढंच आहे. ही तिप्पट भोकाच्या मापावर ठरत नाही. भोक एक एमएमचं असो की सहाचं, कडेला तिप्पटच. तेव्हा 'फक्त सहा एमएमचं' यातला 'फक्त' खोडून टाक. भोक मोठं केलंस तर तिप्पट आहेच, वर नळीतला माल कमी होतो तो वेगळाच.

दोनशे दहानं हँडल लगेच मोडत नाही. हे ॲलॉय पावणेतीनशेपर्यंत कायमचं वाकतसुद्धा नाही. म्हणूनच भोक पाडल्यावर सायकल महिनोन्‌महिने मस्त चालते आणि माणूस फसतो. लोखंडाचं तसं बरं असतं. एका ठरावीक ताणाच्या खाली ते कितीही वेळा हलवलं तरी थकत नाही. ॲल्युमिनिअमला अशी रेषाच नाही. प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यावर चढतो, आणि आपल्या गावात खड्ड्यांची काय कमी!

तुझे मामा म्हणतील, भोक वर-खाली न पाडता समोरच्या बाजूला पाडू, वजनानं वाकताना तिथं ताण शून्य असतो. मामांचं चूक नाही, वजनापुरतं ते खरं आहे. पण ब्रेक मारलास की अंगाचा सगळा भार हँडलला पुढं ढकलतो. त्या वेळी पुढची आणि मागची बाजूच ताण खाते. चढाला ओढलंस की खालची बाजू ताणली जाते. हँडल सगळीकडून वाकतं, त्याला सुरक्षित बाजू म्हणून नाही.

मित्राच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. कारखान्यात भोक पाडलेली हँडलं मिळतात आणि ती चांगली असतात. पण तिथं भोक आधी कागदावर पडतं, हँडल नंतर तयार होतं. भोकाच्या जागी जाडी ठेवलेली असते, भोक नळीच्या लांबीच्या दिशेनं लांबोळं असतं, कडा आतून-बाहेरून गोल केलेल्या असतात. लांबोळं भोक दिसायला बरं म्हणून नव्हे बरं का. लांबी रुंदीच्या दुप्पट ठेवली आणि ती ताणाच्या दिशेनं असली, की तिपटीचं दुपटीवर येतं. मग ते हँडल यंत्रावर चढवून थकवतात. आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागात ही चाचणी आहे. हँडल आणि स्टेम दोन टप्प्यांत, प्रत्येकी एक लाख वेळा हलवतात. तुझं हँडलही कदाचित या चाचणीतून गेलं असेल, पण बिनभोकाचं. कार्बनच्या हँडलला तर ड्रिल दाखवूसुद्धा नकोस. आणि पुष्कळ भारी सायकलींत वायर हँडलच्या आत नसतेच, ती बाहेरच्या खोबणीत बसवून वरून टेप गुंडाळलेली असते. मित्राला जवळ जाऊन बघायला सांग.

समजा हँडल नाही मोडलं, तरी ब्रेकचं काय? आउटर आत शिरताना एक वळण घेते, बाहेर पडताना दुसरं. दोन्ही मिळून १८० अंश धर आणि घर्षणाचा गुणांक ०.१ धर. तू लिव्हरला १०० नं खेचलंस तर या वळणांच्या पलीकडं ७३ पोचतात. हे नवीन वायरीचं. पावसाळ्यात भोकातून पाणी आत जातं, नळीत साचतं आणि आउटरच्या पोटात गंज धरतो. मग लिव्हर दाबल्यावर परत येताना कशी करकरत, लाजत लाजत येते, ते मी दर ऑगस्टमध्ये दुकानात बघतो.

आता तुझा फोटो. भावा, तुझ्या वायरी वाईट दिसतात कारण दोन्ही आउटर वीतभर जास्त लांब आहेत. गिअर काढलेस, मडगार्ड काढलंस, आउटर मात्र जुनीच ठेवलीस. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ. वायर ताणली न जाता जेवढी लागते तेवढी ठेव, बाकीची काप. कापलेलं तोंड कानशीनं सपाट कर, आतली प्लास्टिकची नळी दाभणानं उघड, टोपी बसव. लिव्हरपासून बोटभर पुढं आउटर हँडलच्या समोरच्या अंगाला टेकव आणि स्टेमपर्यंत काळ्या टेपनं दोन-तीन ठिकाणी घट्ट बांध. काळी आउटर, काळं हँडल, चार पावलांवरून दिसत नाही. नवी वायर-आउटर घेतलीस तरी हँडलच्या किमतीपेक्षा स्वस्तात काम होतं. फक्त एक कर, बारीक दिसते म्हणून गिअरची चार एमएमची आउटर ब्रेकला लावू नको. तिच्यातल्या तारा लांबीच्या दिशेनं सरळ असतात, ब्रेकच्या जोरानं त्या प्लास्टिक फाडून बाहेर येतात.

एवढं करूनही वायर आतूनच हवी असेल, तर कारखान्यातूनच भोकं आलेलं हँडल घे. थोडे पैसे साठव. मामांना माझा नमस्कार सांग, आम्ही एकाच गल्लीत घासलेली माणसं असू कदाचित.

प्रश्न : मी शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आहे. रोज सायकलनं जातो. ॲलॉय हँडलवर क्लॅम्पच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते आहे, नखाला लागते. आमच्याकडं कास्टिंगला तडा गेला की त्याच्या टोकाला भोक मारतात, तडा पुढं जात नाही. हँडलला तसं करून वापरलं तर?
(एक वाचक, शिरोली)

उत्तर : साहेब, हा उपाय खरा आहे आणि मीही उद्यमनगरात तो करत आलोय. तड्याचं टोक सुईसारखं असतं, तिथं ताण तिपटीनं नाही, कितीतरी पटीनं वाढतो. भोक मारलं की टोक बोथट होतं आणि ती वाढ बरीच उतरते. म्हणजे भोक हे तड्याच्या मानानं बरं, कोऱ्या नळीच्या मानानं वाईट. इंजिनच्या पायाला किंवा झाकणाला ते चालून जातं, कारण ते मोडलं तरी कुणी तोंडावर पडत नाही. शिवाय कास्टिंगला आपण भोक मारून पुढं टाका किंवा पट्टी मारतो. हँडलवर तड्याचं खरं टोक कुठं आहे ते डोळ्याला दिसत नाही, दिसतं त्याच्या पुढं ते गेलेलं असतं. नखाला रेघ लागते म्हणताय तर उद्या त्या सायकलवर जाऊ नका. हँडल बदला आणि जुनं करवतीनं दोन तुकडे करूनच भंगारात टाका, नाहीतर कुणीतरी ते पुसून पुन्हा विकेल.

नवं बसवताना स्टेमच्या क्लॅम्पची कड बोटानं तपासा. तिथं धार असली तर तीच हँडलला चावते, पुष्कळ तडे तिथूनच सुरू होतात. बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. चार बोल्टांच्या बहुतेक स्टेमवर ५ न्यूटन मीटर असं कोरलेलंच असतं. आपल्याकडं 'अजून एक आटा' मारायची खोड आहे, ती सोडा.

प्रश्न : मुलीसाठी वापरलेली सायकल घेतली. ब्रेकची वायर हँडलच्या भोकातून आत जाते. ही भोकं कंपनीची की कुणी घरी पाडलेली, हे मला कसं कळेल? मला सायकलमधलं काही कळत नाही.
(एक पालक, शाहूपुरी)

उत्तर : ताई, ग्रिप काढून मोबाइलच्या टॉर्चमध्ये भोकाची कड बघा. कंपनीच्या भोकात हँडलचा काळा किंवा चंदेरी थर कडेवरून आत वळलेला असतो, कड गोल असते, भोक लांबोळं असतं, दोन्ही बाजूंची भोकं हुबेहूब सारखी असतात आणि बहुतेक वेळा रबराची वाटी बसवलेली असते. घरच्या भोकाची कड उघडी पांढरी चमकते, कानशीचे ओरखडे दिसतात आणि उजवं-डावं कधीच जुळत नाही. आत करंगळीचं टोक अलगद फिरवा. टोचलं तर बर आहे.

तडा आहे का ते बघायची आमची जुनी रीत सांगतो. हँडल साबणानं धुवून वाळवा, ब्रशनं रॉकेल लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, फडक्यानं कोरडं पुसा आणि फळ्यावरच्या खडूची पूड भुरभुरा. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत उतरतं आणि काळी रेघ उमटते. रॉकेल आता मिळणं मुश्कील, कुठलंही पातळ मशीनचं तेल चालतं, फक्त वेळ जास्त द्या. फौंड्रीत हल्ली याच कामाला लाल रंगाचा स्प्रे वापरतात. पण रेघ उमटली नाही म्हणून भोक घरचं असेल तर हँडल ठेवू नका. आतल्या कडेला सुरू झालेला तडा बाहेर येईपर्यंत ही पूड काही सांगत नाही. नवं हँडल बसवून घ्या, आणि उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला लागतोय ना तेही तेव्हाच बघून घ्या. आपल्याकडच्या सायकलींत तशी पद्धत आहे आणि मुलं सायकली अदलाबदल करतात, गोंधळ नको.

प्रश्न : माझ्याकडं बावीस इंची काळी सायकल आहे, दांडीच्या ब्रेकची. नातू म्हणतो, रॉड काढून वायरीचे ब्रेक लावू आणि वायर हँडलच्या आतून नेऊ, लोखंडी हँडल आहे, काही होत नाही. करू द्यावं का?
(एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर : गुरुजी, लोखंडाबद्दल नातवाचं अर्धं बरोबर आहे, ते ॲलॉयपेक्षा सोशीक. पण भोक पाडलं की तिथलं निकेल-क्रोम फाटतं आणि नळी आतून गंजायला लागते, तुमच्याकडच्या पावसात तर लगेचच. आणि त्यानं एक गोष्ट बघितलेली नाही. रॉड ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूनं टेकतं. वायरीच्या ब्रेकचं रबर रिमच्या कुशीला टेकतं आणि तुमच्या रिमची कूस गोलसर आहे, तिथं ते नीट बसणार नाही. म्हणजे रिम बदला, रिम बदलली की आरे पुन्हा ओवा. त्यापेक्षा चारी रबरं नवी घाला, रॉडच्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब सोडा, मागच्या दांडीचा ढिला पडलेला नट आवळा. नट कुठला ते नातवाला कळलं नाही, तर त्याला सायकल घेऊन एका शनिवारी दुकानात पाठवा.